चहाच्या यंत्राची कैफियत

कचेरीतले चहाचे यंत्र आतून फार साधे असते. वर प्रीमिक्सचे, म्हणजे साखर, दूधभुकटी आणि चहाचा अर्क यांच्या तयार मिश्रणाचे, दोन-तीन डबे. प्रत्येक डब्याच्या तळाशी मळसूत्रासारखा आडवा दांडा. मागे पाणी तापवणारी टाकी. बटण दाबले की दांडा ठरावीक सेकंद फिरतो, भुकटी एका वाटीत पडते, झडप उघडून गरम पाणी येते, बोटभर मोटर दोहोंना घुसळते आणि नळीतून तपकिरी रंगाचे पेय कागदी कपात उतरते. शेजारी बहुधा खाऊचे यंत्र उभे असते: काचेआड तारेची वेटोळी आणि वेटोळ्यांत अडकवलेली वेफर्स-बिस्किटांची पाकिटे. पुण्या-मुंबईच्या कचेऱ्यांत या दोहोंना मिळून नुसते ‘मशीन’ म्हणतात, आणि या शब्दापुढे बहुतेक वेळा ‘बंद आहे’ हेच शब्द ऐकू येतात.

हे यंत्र आणणाऱ्या प्रशासन आणि खरेदी विभागांची एक ठरलेली कैफियत आहे. यंत्रामुळे वेळ वाचतो. चहा स्वच्छ मिळतो. चव रोज सारखी राहते. माणूस लागत नाही, म्हणून खर्च कमी होतो. आणि ज्या काही तक्रारी येतात त्या वापरणाऱ्यांच्या धसमुसळेपणामुळे. पाचही मुद्दे ऐकायला बिनतोड वाटतात. तपासून पाहिले तर पाचांच्याही मुळाशी एकच गैरसमज सापडतो, तो म्हणजे यंत्राने माणसाचे काम संपवले. काम संपत नाही. ते किटलीवाल्याच्या हातून निघून कचेरीतल्या प्रत्येकाच्या हातात जाते. संपतो तो फक्त तक्रार ऐकून घेणारा माणूस.

विकणारा समोर नसलेली विक्री ही कल्पना जुनी आहे. इसवी सनाच्या पहिल्या शतकात अलेक्झांड्रियाच्या हीरोने देवळातले तीर्थ देणाऱ्या यंत्राचे वर्णन लिहून ठेवले. नाणे तरफेच्या टोकावरच्या तबकडीवर पडे, त्याच्या भाराने झडप उघडे आणि नाणे घसरून खाली जाईपर्यंत पाणी वाहे. तीर्थ कमी आले तर दाद अर्थातच वरच्या न्यायालयात. लंडनचा प्रकाशक रिचर्ड कार्लाइल याने १८२२मध्ये सरकारला नको असलेली पुस्तके विकण्यासाठी यंत्र बसवले, कारण विकणारा दिसलाच नाही तर खटला भरायचा कोणावर? जबाबदार माणूस समोर नसणे हा या यंत्राचा पुढे कधीतरी उपटलेला दोष नव्हे. निदान कार्लाइलने तरी ते त्याच गुणासाठी बनवले होते. भारतीयांना या घराण्याची पहिली ओळख झाली ती रेल्वे फलाटावरच्या वजनाच्या यंत्रातून. रंगीत दिवे लुकलुकत, आत चाक फिरे आणि पुठ्ठ्याचे तिकीट बाहेर पडे. एका बाजूला वजन, दुसऱ्या बाजूला भविष्य. शेजारच्या फलाटावरच्या यंत्रात वजन वेगळे निघाले तरी कोणी भांडत नसे, कारण भविष्य चांगले असे. कचेरीतले यंत्र तेवढीही भरपाई देत नाही.

कैफियतीतला पहिला मुद्दा वेळेचा. एक कप वीस-पंचवीस सेकंदांत भरतो, हे खरे. पण कचेरीला चहा एकेकट्याने आणि वेगवेगळ्या वेळी लागत नाही. तो सकाळी अकराला आणि दुपारी चारला, सगळ्यांना एकदम लागतो. कप ठेवणे, बटण शोधणे, भरणे आणि बाजूला होणे याला प्रत्येकी अर्धे मिनिट धरले, तर चाळिसाव्या माणसाला वीस मिनिटे उभे राहावे लागते. मध्येच पाण्याचा जार संपला की हिशेब तिथेच थांबतो, कारण वीस लिटरचा भरलेला जार उचलून उलटा बसवणारा रांगेत सापडेपर्यंत सगळेच एकमेकांच्या खांद्यांकडे पाहत राहतात. जार बसला की पडद्यावर ‘पाणी तापत आहे’ असे येते. किटलीवाला पोऱ्या याच चाळीस जणांच्या टेबलांपाशी दहा मिनिटांत जाऊन येत असे, आणि त्या दहा मिनिटांत चाळीस जण आपापल्या जागेवर काम तरी करत, किंवा निदान करत असल्यासारखे दिसत.

यंत्रापाशी वाया जाणारा वेळ हा आळशांचा बहाणा आहे, असेही म्हटले जाते. अमेरिकेतल्या कार्नेगी मेलन विद्यापीठाच्या संगणकशास्त्र विभागाला आळशी म्हणणे अवघड आहे. तिथे १९८०च्या दशकाच्या आरंभी काही जणांनी विभागातल्या कोकच्या यंत्राला तारा जोडून ते संगणकाच्या जाळ्यात आणले, कारण इतके चालत जावे आणि यंत्र रिकामे निघावे किंवा बाटली कोमट निघावी, याला ते कंटाळले होते. कोणत्या कप्प्यात बाटल्या आहेत आणि त्या पुरेशा गार झाल्या आहेत का, हे मग टेबलावरून कळू लागले. इंटरनेटला जोडलेल्या पहिल्या घरगुती-कचेरी वस्तूंत त्या यंत्राची गणना होते. केंब्रिज विद्यापीठाच्या संगणक प्रयोगशाळेत १९९१मध्ये कॉफीच्या भांड्यावर कॅमेरा रोखण्यात आला. ते विक्रीयंत्र नव्हते, साधे कॉफीचे भांडे होते, पण दुखणे तेच होते. पुढे ते चित्र जगभर दिसू लागले आणि २००१मध्ये कॅमेरा बंद होईपर्यंत लोक दूरदेशीहून ते रिकामे भांडे पाहत राहिले. दोन नामवंत विद्यापीठांतल्या हुशार माणसांना यंत्रावर सापडलेला उपाय एकच: जाण्याआधी दुरून डोकावून पाहणे. वेळ वाचवणाऱ्या वस्तूवर असा पहारा ठेवावा लागत नाही.

वेळेच्याच मुद्द्याला जोडून आणखी एक युक्तिवाद येतो. यंत्राभोवती माणसे जमतात, ओळखी होतात, म्हणून यंत्र कचेरीला जोडते. माणसे जोडली जातात ती यंत्रामुळे नव्हे, एकाच वेळी मिळालेल्या सुटीमुळे. मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीचे ॲलेक्स पेंटलँड यांनी एका अमेरिकी बँकेच्या कॉल सेंटरमध्ये एवढेच सुचवले, की एका गटातल्या सगळ्यांना चहा-कॉफीची सुटी एकदम द्यावी. कामाचा वेग वाढला. मागे पडलेल्या गटांत तर तो ठळकपणे वाढला. तिथे बदलले होते वेळापत्रक. कोणी, केव्हाही, एकट्याने येऊन बटण दाबावे ही यंत्राची खुबी याच्या नेमकी उलट आहे.

दुसरा मुद्दा स्वच्छतेचा. टपरीवरचे ग्लास ज्या बादलीत बुचकळले जातात ती बादली पाहिलेल्या कोणालाही हा मुद्दा ताबडतोब पटतो, आणि बादलीचा बचाव करण्याचे कारण नाही. पण यंत्राला बादली नाही म्हणून ते स्वच्छ, हे अनुमान घाईचे आहे. स्पेनमधल्या व्हॅलेन्सिया विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१५मध्ये कॉफीच्या दहा यंत्रांतले सांडपाणी साठणारे तबक तपासले, तेव्हा तिथे जिवाणूंच्या अनेक प्रजातींची वस्ती निघाली. तबकात जिवाणू होते, म्हणजे कपात होते असे नव्हे. संशोधकांचा सल्ला तबक वरचेवर धुण्याचा होता. कचेरीत हे तबक कोणी धुवायचे हे कोणाच्याच कामाच्या यादीत नसते. ते भरून जमिनीवर ओघळू लागले की धुतले जाते. कपाचीही कथा आहे. आयआयटी खरगपूरच्या २०२०मधल्या अभ्यासात, शंभर मिलिलिटर गरम द्रव पंधरा मिनिटे कागदी कपात राहिला तर आतल्या प्लास्टिकच्या पातळ थरातून सुमारे २५,००० सूक्ष्म कण त्यात उतरतात, असे आढळले. घरून आणलेला स्टीलचा पेला यावर उत्तर ठरावा. पण बऱ्याच यंत्रांत नळी आणि जाळी यांमधली जागा कागदी कपाच्या मापाची असते. पेला तिरका धरावा लागतो आणि निम्मा चहा त्याच तबकात जातो.

तिसरा मुद्दा चवीचा, आणि इथे कैफियत सर्वांत लंगडी आहे. चव सारखी राहते असे म्हणताना ती चांगली आहे असे कोणी म्हणत नाही, हे आधी लक्षात घ्यावे. भारतीय नियमांनुसार पाकिटावर घटकपदार्थ वजनाच्या उतरत्या क्रमाने छापावे लागतात. चहाच्या प्रीमिक्सचे पाकीट उलटून वाचले की बहुधा साखर आणि दूधभुकटी आघाडीवर आणि चहा बराच मागे दिसतो. म्हणजे पेयाला चहा म्हणणे ही रंगावरून दिलेली पदवी आहे. साखर आधीच मिसळलेली असल्याने ‘साखर कमी’ या दोन शब्दांना यंत्रापुढे अर्थ नाही. मधुमेह असलेल्याने गरम पाण्याचे बटण दाबावे आणि घरून आणलेली पुडी बुडवावी, एवढीच सोय. जिथे एकाच नळीतून चहा, कॉफी आणि टोमॅटो सूप येते तिथे सुपानंतरच्या पहिल्या चहाचे वर्णन सभ्य भाषेत करता येत नाही.

चव सारखी राहते हेही खरे नाही. दांडा भुकटी तोलत नाही, तो ठरलेले सेकंद फिरतो. भुकटी मोकळी असेल तर पुरेशी पडते, दमट झाली असेल तर चिकटून बसते. दूधभुकटी आणि साखर दोन्ही हवेतला ओलावा ओढतात. जुलैतल्या मुंबईत डब्यात गोळे होतात आणि नळीतून चहाची आठवण झालेले पाणी येते. मग कोणीतरी डब्यावर थाप मारतो, गोळा सुटतो आणि पुढच्याला दोघांचा चहा एकट्याला मिळतो.

याउलट आधण ठेवणाऱ्याच्या हातात ज्ञान असते. कच्च्या आल्यात दुधातली प्रथिने तोडणारे द्रव्य असते, म्हणून आले आधी पाण्यात उकळायचे आणि दूध मागाहून घालायचे, नाहीतर चहा फाटतो. हे कारण ठाऊक नसलेला टपरीवालाही क्रम चुकत नाही. भारतीय चहाची पूडही याच उकळीसाठी जमली आहे. पाने चिरडून, फाडून, वळवून दाणे करण्याची सीटीसी पद्धत विल्यम मॅकर्चर याने १९३०च्या सुमारास आसामात काढली. त्या दाण्याचा कडक रंग आणि जोर उकळल्यावर उतरतो. यंत्रात उकळणे नाही, मुरणे नाही, गाळणे नाही. फक्त विरघळणे आहे. ‘आले’ असे लिहिलेल्या बटणामागे बहुधा आल्याचा वास असतो.

इथे उलट आक्षेप निघेल, की चहाची ही परंपरा तरी कुठे सनातन आहे? नाहीच. गिरण्या, खाणी आणि कारखान्यांच्या दारांत चहाची दुकाने मांडून कामगारांना चहाची सवय चहा उद्योगानेच प्रचाराने लावली. पहिल्या महायुद्धाच्या काळात या प्रचाराने जोर धरला. पण त्या धंदेवाईक प्रचारालाही एक गोष्ट कळत होती. सवय लावायची तर चहा उकळून, समोर उभ्या माणसाने द्यावा लागतो.

चौथा मुद्दा माणूस न लागण्याचा. मुंबईच्या लोकल स्थानकांवर तिकिटांची स्वयंचलित यंत्रे बसली तेव्हा तिकीट-बाबूची गरज कमी होईल अशी अपेक्षा होती. थोड्याच काळात अनेक यंत्रांपाशी प्रवाशांना तिकीट काढून देणारा मदतनीस उभा राहिला, आणि या कामावर रेल्वेने आपलेच निवृत्त कर्मचारी नेमले. खिडकीच्या आतला माणूस खिडकीबाहेर आला, एवढाच फरक. अमेरिकेत १९०२मध्ये फिलाडेल्फियात आणि १९१२मध्ये न्यूयॉर्कमध्ये ‘ऑटोमॅट’ नावाची उपाहारगृहे निघाली. नाणे टाकून काचेचे झाकण उघडावे आणि पदार्थ उचलावा. वाढपी कुठेच दिसत नसे. भिंतीच्या पलीकडे मात्र कामगार स्त्रिया रिकामे कप्पे भरत असत. तिथला कॉफीचा कप दशकानुदशके एका निकेलला, म्हणजे पाच सेंटला मिळे. १९५०मध्ये भाव वाढवावा लागला तेव्हा तो एकदम दहा सेंट झाला, कारण नळ फक्त निकेल ओळखत होता. साडेसहा सेंट घेणे माणसाला जमले असते. शेवटचे ऑटोमॅट १९९१मध्ये बंद झाले.

कचेरीत हीच गोष्ट लहान प्रमाणावर घडते. जार बदलणे, तबक ओतणे, डबे भरणे, नळ्या गरम पाण्याने धुणे आणि कंपनीच्या दुरुस्तीवाल्याला फोन करणे ही कामे उरतातच. पूर्वी ती एका पगारी माणसाची होती. आता ती जो आधी वैतागेल त्याची असतात. यंत्र बिघडले तर ही बातमीही यंत्र देत नाही. ती कोणीतरी पेनाने कागदावर लिहून चिकटपट्टीने दारावर लावतो. खर्च कमी झाला असे जे दिसते, ते मासिक बिल आणि शिपायाचा पगार यांची वजाबाकी असते. तिपटीने पगार घेणाऱ्या अभियंत्याने जार उचलण्यात घालवलेली मिनिटे त्या वजाबाकीत कुठेच नसतात.

यापेक्षा मोठी हानी पैशांत मोजता येत नाही. १९४८च्या कारखाना कायद्याच्या ४६व्या कलमाने अडीचशेपेक्षा जास्त कामगार असलेल्या कारखान्यात उपाहारगृहाची तरतूद केली, आणि त्याच कलमात उपाहारगृहाच्या व्यवस्थापन समितीवर कामगारांचे प्रतिनिधी असावेत अशा नियमांचीही सोय ठेवली. कचेरी म्हणजे कारखाना नव्हे. पण कायदा करणाऱ्यांना जे उमगले होते ते दोन्हीकडे लागू आहे. खाण्यापिण्याच्या बाबतीत माणसाला पदार्थाइतकेच बोलण्याचे ठिकाण लागते. ‘आज चहा पातळ झालाय’ हे किटलीवाल्याला सांगता येते आणि उद्या तो घट्ट येतो. हिशेब वहीत लिहिता येतो, सुट्टे नसले तर उद्यावर टाकता येतो. यंत्राकडे उधारीची वही नाही, कारण त्याला कोणाचा चेहराच ओळखू येत नाही.

पाचवा मुद्दा वापरणाऱ्यांच्या दोषाचा. खाऊच्या यंत्रात पैसे गेले, वेटोळे फिरले आणि पाकीट टोकाशी लोंबकळत राहिले की सभ्य माणसेही यंत्राला खांदा लावतात. हे खरे आहे, आणि ते धोक्याचेही आहे. अमेरिकी वैद्यक संघटनेच्या नियतकालिकात १९८८मध्ये अशा पंधरा जणांची नोंद आली, ज्यांच्या अंगावर हलवताना शीतपेयाचे यंत्र पडले. त्यांतले तिघे दगावले. अमेरिकेच्या ग्राहक सुरक्षा आयोगाने १९७८पासून अशा ३७ मृत्यूंची नोंद झाल्याचे १९९५मध्ये जाहीर केले आणि यंत्रांवर इशाऱ्याची चिठ्ठी लागू लागली. भरलेले यंत्र काही शे किलोंचे असते. दहा रुपयांच्या वेफर्ससाठी त्याच्याशी कुस्ती खेळू नये, याबद्दल दुमत नाही.

पण इशाऱ्याच्या चिठ्ठीने दोष कोणाचा हे ठरत नाही. पाकीट पडले की नाही हे ओळखणारा प्रकाशकिरण यंत्रात बसवता येतो. न पडल्यास वेटोळे पुन्हा फिरवता येते किंवा पैसे परत देता येतात. जुन्या आणि स्वस्त यंत्रांत तो नसतो. पैसे घेण्याची तऱ्हाही तशीच. नाणे खरे की खोटे हे यंत्र त्याच्या मापावरून आणि धातूच्या विद्युतचुंबकीय खुणेवरून ठरवते. आणि भारतात दहा रुपयांच्या नाण्याचे चौदा नमुने चलनात आहेत व सगळे वैध आहेत, असे रिझर्व्ह बँकेला २०१८मध्ये जाहीर करावे लागले. माणसेच जिथे नाणे परत करत होती तिथे यंत्राने ते थुंकले तर नवल नाही. नोव्हेंबर २०१६नंतर नोटांची मापे बदलली आणि एटीएमचे खणसुद्धा नव्याने जुळवावे लागले. यूपीआयने नाण्या-नोटांचा प्रश्न सोडवला आणि त्या जागी नवा ठेवला: फोन म्हणतो पैसे गेले, यंत्र म्हणते आले नाहीत. दोन्ही आपापल्या परीने खरे बोलतात आणि मध्ये उभा असलेला माणूस उपाशी राहतो. अशा वेळी यंत्राला बसणारा धक्का ही गुंडगिरी कमी आणि तक्रारअर्ज जास्त असतो. अर्ज घेणारी दुसरी खिडकी त्या भिंतीवर ठेवलेलीच नसते.

यंत्राच्या बाजूने एक गोष्ट निःसंशय खरी आहे. रात्रीच्या पाळीत, तीन वाजता, टपरी बंद आणि पँट्री कुलपात असताना, पातळ का होईना पण गरम काहीतरी देणारे दुसरे कोणी नसते. जपानात अशी यंत्रे लाखांनी आहेत आणि बहुतेक चालू असतात, हेही खरे. पण तिथे मुख्यतः बंद डबे आणि बाटल्या विकल्या जातात, भुकटी कालवली जात नाही; गाडी घेऊन फिरणारी माणसे ती यंत्रे नियमाने भरतात, पुसतात आणि यंत्रावर फोन क्रमांक लावलेला असतो. म्हणजे जपानचे उदाहरण माणसाशिवाय चालणाऱ्या यंत्राचे नाहीच. ते नीट नेमलेल्या माणसांच्या जोरावर चालणाऱ्या यंत्राचे आहे.

यंत्र ठेवायचेच असेल तर त्यापाशी चार गोष्टी असाव्यात: देखभाल करणाऱ्या माणसाचे नाव आणि फोन क्रमांक, तबक व नळ्या शेवटच्या केव्हा धुतल्या याची तारीख, अडकलेले पैसे त्याच दिवशी, त्याच मजल्यावर परत देणारे टेबल, आणि बिनसाखरेच्या चहाची सोय. या चारही गोष्टी केल्या की त्यांसाठी एक माणूस नेमावा लागतो, आणि माणूस नेमला की कैफियतीतला चौथा मुद्दा निकालात निघतो. तो माणूस नेमलाच तर त्याच्या हातात किटलीही द्यावी. यंत्र रात्रपाळीपुरते राहू द्यावे.